कुर्ते तेच राहू द्या, खालचं बदला

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३४, पुण्यात नोकरी, आठवड्यातले तीन दिवस स्कूटरवरून ऑफिस. कपाटात पंचवीसेक कुर्ते, ढीगभर लेगिंग्ज, दोन जीन्स, लग्नाकार्यात घेतलेल्या साड्या. तरी आरशासमोर उभं राहिलं की सगळं जुनं वाटतं, आणि दुकानात गेलं की दर तीन महिन्यांनी काहीतरी वेगळंच लटकलेलं असतं. कपड्यांसाठी महिन्याला हजार रुपये बाजूला काढता येतात. त्यात सीझनच्या फॅशनबरोबर कसं राहायचं? आणि दिवाळीसाठी पाहून ठेवलेला २,८०० रुपयांचा फर्शी सलवारचा, म्हणजे जमिनीपर्यंत घेर असलेल्या सलवारीचा, सेट घ्यावा का?

ताई, मी पुण्यात बायकांचे कपडे शिवते, आणि त्याहून जास्त वेळ जुने कपडे उसवून बदलून देते. कपडा नेमका कुठून जुना दिसायला लागतो हे या उसवण्याच्या कामातून चांगलं कळतं. ते आधी सांगते, कारण तुमच्या हजार रुपयांचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

गेल्या वीसेक वर्षांत आपल्याकडे रोजच्या पेहरावात काय काय बदललं ते आठवून बघा. चुडीदार मागे पडला, पतियाळा आली. पतियाळा गेली, लेगिंग आली आणि बराच काळ हलली नाही. मग पलाझो, सिगारेट पॅन्ट, शरारा, घोट्याशी थांबणारी सरळ पॅन्ट, आणि आता पुन्हा घेरदार सलवारी. जीन्सचंही तेच: स्किनी गेली, सरळ आली, मग मोठ्या मोहरीची, म्हणजे पायाशी रुंद असलेली, आली. या सगळ्या काळात कुर्ता मात्र कुर्ताच राहिला. त्याची लांबी वरखाली झाली, बाही कोपरापर्यंत आली किंवा मनगटाकडे गेली, गळ्याचा आकार बदलला. बस. म्हणजे रोजच्या कपड्यांत फॅशन सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक दिसते ती कमरेखाली. पाच वर्षांपूर्वीचा चांगल्या सुती कापडाचा कुर्ता आजच्या कटच्या पॅन्टवर घातला तर आजचा दिसतो. अगदी नवा, महागडा कुर्ता चुरगळलेल्या, गुडघ्यावर फुगलेल्या लेगिंगवर घातला तर तोही जुना दिसतो. आणि आपण बहुतेक जणी करतो काय, तर दर वेळी कुर्ताच विकत घेतो, कारण तो हँगरवर छान दिसतो.

तुम्ही पुढचे सहा महिने एकही रोजचा तयार कुर्ता घेऊ नका. वर्षाचे १२,००० मी अशा पद्धतीने खर्च करेन: साधारण ४,००० पॅन्ट आणि जीन्सवर, अडीच हजार जुने कपडे बदलून घेण्यावर, ३,००० कापड आणून शिवण्यावर, दीड हजार आतल्या कपड्यांवर, आणि उरलेले हजार ओढणी-कानातल्यांसारख्या बारीकसारीक हौशीवर. आतल्या कपड्यांसाठी दीड हजार बघून आश्चर्य वाटेल. पण सैल पडलेली ब्रा घालून दिलेल्या मापावर कुर्ता कधीच बसत नाही. छातीचे टक्स, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चिमट्या, खाली येतात, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, चुण्या पडतात, आणि दोष शिंप्याला किंवा स्वतःच्या अंगाला दिला जातो. म्हणून माप देण्याआधी हा खर्च करा. एक चांगली स्लिप घेतलीत तर उन्हाळ्यातले पातळ कुर्ते अस्तराशिवाय वापरता येतात, आणि प्रत्येक कुर्त्याच्या अस्तराचे पैसे वाचतात ते वेगळेच.

आता पॅन्ट. तुम्हाला चार पुरतात. एक मोतिया किंवा फिकट बदामी, कारण पांढरीशुभ्र पॅन्ट स्कूटरवर टिकत नाही आणि मोतिया रंग जवळजवळ प्रत्येक छापील कुर्त्याखाली चालतो. एक काळी. एक सीझनच्या रंगाची, तिच्याबद्दल पुढे सांगते. चौथी सरळ कटची, गडद निळी जीन्स, जिच्यावर आखूड कुर्ते आणि शर्ट दोन्ही जातात. पहिल्या तिन्ही शिवून घ्या. कॉटन लायक्रा किंवा जाडसर कॉटन फ्लेक्स मिळतं. ५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, असेल आणि तुम्ही अंगाने मध्यम असाल तर सव्वा मीटरमध्ये पॅन्ट निघते, ४४ इंच पन्हा असेल तर दोन-सव्वादोन मीटर लागतं. ५८ पन्ह्याचं कापड अडीचशे रुपये मीटर धरलं आणि शिलाई साडेतीनशेच्या आसपास धरली, तरी सातशेच्या आत अंगाबरोबर बसणारी, खिसा असलेली पॅन्ट होते. खिसा मागून घ्या, बायकांच्या पॅन्टला तो आपणहून कोणी लावत नाही. कमरेला पुढून सपाट पट्टी आणि मागे इलॅस्टिक असं करायला सांगा. पूर्ण इलॅस्टिकची पॅन्ट पुढून फुगते आणि कुर्त्यावर तो फुगवटा दिसतो.

लांबीचं माप रोजची चप्पल घालूनच द्या. आणि एक प्रमाण लक्षात ठेवलंत तर सीझन कुठलाही असो, फसणार नाही: वर लांब असेल तर खाली अरुंद, वर आखूड असेल तर खाली घेर. गुडघ्याच्या खाली जाणारा सरळ कुर्ता आणि त्याखाली मोठा पलाझो हे दोन्ही चांगले असले तरी एकत्र घातल्यावर माणूस बुटका आणि रुंद दिसतो. तोच पलाझो मांडीच्या मध्यावर थांबणाऱ्या कुर्त्याखाली एकदम बरोबर दिसतो.

म्हणजे तुमच्या काही कुर्त्यांची लांबी कमी करायला लागेल, आणि इथे मी थोडी थांबते, कारण या कामात कपडे सुधारतात तसे वायाही जातात.

आधी एका सुट्टीच्या दिवशी सगळे कुर्ते पलंगावर काढा आणि एकेक कुर्ता काखेपाशी उजेडासमोर धरा. तिथलं कापड जाळीसारखं पातळ दिसत असेल किंवा घामाने रंग उडाला असेल, तर त्या कुर्त्यावर एक रुपयाही घालू नका, तो घरात वापरा. नंतर खांद्याची शिलाई बघा. ती तुमच्या खांद्याच्या हाडावरून दोन बोटांपेक्षा जास्त खाली उतरत असेल तर तोही बाजूला ठेवा. खांदा नीट करायचा म्हणजे दोन्ही बाह्या काढून, मुंढा नव्याने कापून परत लावायच्या. त्या खर्चात नवा कुर्ता जवळजवळ शिवून होतो. खांदा बरोबर आणि कापडात जीव असेल, तर बाकी सगळं बदलता येतं. बाजूंनी घट्ट झालेला कुर्ता उलटा करून शिलाईच्या आत किती माया, म्हणजे जास्तीचं कापड, आहे ते पाहा. शिवून घेतलेल्या कुर्त्यात सहसा इंचभर तरी असते, तयार कुर्त्यात बहुतेक वेळा अर्धा इंच किंवा त्याहून कमी. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया उसवली तर छातीत दोन इंचांची सवड मिळते, कारण प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन भाग असतात. हे गणित लोकांच्या लक्षात येत नाही आणि पाव इंच मायेसाठी चांगला कुर्ता कामवाल्या बाईंना दिला जातो.

लांबी कमी करताना कुर्ता खालून सरळ कापून दुमडतात, तिथे गडबड होते. समजा ४६ इंचांचा बगरू छापाचा कुर्ता आहे आणि खाली चार इंचांची छापील बॉर्डर आहे. खालून आठ इंच कापले तर बॉर्डर गेली, आणि बॉर्डर गेली की तो कुर्ता अर्धवट दिसतो, जणू कापड कमी पडलं. म्हणून बॉर्डर आधी शिलाईपुरतं अर्धा इंच कापड वर ठेवून पूर्ण कापून घ्यायची, मग वरच्या भागातून हवी तेवढी लांबी काढायची, आणि बॉर्डर परत जोडायची. जोड बॉर्डरच्या वरच्या रेषेवर आला तर शोधूनही दिसत नाही. कुर्ता खाली थोडा पसरट असेल तर बॉर्डर वरच्या भागापेक्षा लांब भरते, तेवढी ती बाजूंनी कमी करायला सांगा. मधून काढलेल्या पट्टीतून गळ्याची पट्टी किंवा बाहीची किनार होते. दुसरी गोष्ट म्हणजे बाजूचा कट. कुर्ता आखूड झाला की कटही आखूड होतो. नितंबांच्या सर्वांत रुंद भागाच्या खाली कट सुरू होत असेल तर बसताना कुर्ता ताणतो आणि शिलाई फाटते. अशा वेळी कट इंच-दीड इंच वर उसवून त्याच्या टोकाला पक्का टाका मारून घ्या. हे सगळं मिळून माझ्या भागात शंभर ते दीडशे रुपयांत होतं. तुमच्या पंचवीस कुर्त्यांपैकी सात-आठ जरी असे निघाले, तरी हजाराच्या आसपास आठ कुर्ते हाताशी येतात.

बाह्यांचंही करून बघा. बिनबाह्यांच्या तयार कुर्त्यांमध्ये पुष्कळदा बाह्यांचे तुकडे आतच टाचून दिलेले असतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. ते लावून घ्या. उलट मनगटापर्यंतच्या बाह्या कोपराखाली आणल्या की उरलेल्या तुकड्यांत बटणांवर कापड चढवून घेता येतं. प्लॅस्टिकची बटणं काढून लाकडी किंवा धातूची लावली, पॅन्टच्या तळाशी सुती लेस लावली, की पन्नास रुपयांत कपड्याचा नूर बदलतो. लेस लावण्याआधी गरम पाण्यात भिजवून वाळवा. लेस नंतर आटली तर पॅन्टची मोहरी सगळी आक्रसून येते आणि ती परत सरळ होत नाही.

जुने पलाझो अजिबात टाकू नका. पलाझोची सरळ पॅन्ट करणं हे शिंप्याकडचं सर्वांत सोपं काम आहे. कमर आणि बैठकीची शिलाई तशीच ठेवायची, मांडीपासून खाली दोन्ही बाजूंनी सारखं आत घ्यायचं. फक्त आतल्या बाजूने घेतलं तर पाय पिळल्यासारखा दिसतो, म्हणून दोन्हीकडून. पतियाळा सलवारीत तर साडेतीन-चार मीटर कापड असतं. उसवून, धुऊन, इस्त्री केलं की एक पॅन्ट सहज निघते. लेगिंगचं मात्र काही होत नाही. गुडघ्यावर सैल पडलेल्या लेगिंग्ज काढून टाका, चांगल्या दोन ठेवा, त्या लांब अनारकलीखाली लागतात.

सीझनच्या रंगाबद्दल आता. दर वर्षी कुठला तरी रंग जगभर गाजवला जातो. पँटोन ही रंगांची मानकं ठरवणारी अमेरिकन कंपनी वर्षाचा रंग जाहीर करते. २०२३ चा व्हिवा मजेंटा म्हणजे किरमिजीकडे झुकणारा लाल होता, २०२४ चा पीच फझ, २०२५ चा मोका मूस म्हणजे दुधाळ कॉफीसारखा तपकिरी. असे रंग पुढे-मागे सुरतेच्या गिरण्यांच्या छापात उतरतात आणि मग लक्ष्मी रोडवर लटकायला लागतात. तुम्हाला तो आवडला तर जरूर घ्या, पण कुठे वापरायचा ते ठरवून घ्या. चेहऱ्याजवळचा रंग आपल्याला शोभणाराच ठेवावा, कमरेखाली सीझनचा चालतो. तो कॉफी रंग गळ्याशी आला तर आपल्यापैकी अनेकींचा चेहरा थकलेला दिसतो. पॅन्ट, पर्स, चपला यांत तोच रंग सुरेख दिसतो, आणि निळ्या, मोतिया, मोहरी, बाटली हिरव्या अशा सगळ्या कुर्त्यांखाली चालून जातो. मी वर तिसरी पॅन्ट म्हणाले ती हीच. दर वर्षी एवढी एक बदलली तरी तुमचा पेहराव त्या वर्षाचा दिसतो.

आपले सीझनही दुकानातल्या पोस्टरवरच्या सीझनपेक्षा वेगळे आहेत. पुण्यात खरे कपडे लागतात ते उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे. उन्हाळ्यात मलमल, कॅम्ब्रिक, मंगलगिरी, खादी. पावसाळ्यात हेच सुती कपडे दोन दिवस वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. त्यासाठी क्रेप किंवा जॉर्जेटचे तीन कुर्ते वेगळे ठेवा, गडद आणि बारीक छापाचे, म्हणजे मागच्या चाकाने उडवलेला चिखल दिसत नाही. पॅन्ट घोट्याच्या वर. जीन्स जून ते सप्टेंबर कपाटात राहू द्या. सिंथेटिक कपड्यावर घाम टिपला जात नाही म्हणून आत सुती स्लिप घाला.

नवरात्राचे नऊ रंग हा महाराष्ट्रात, विशेषतः नोकरी करणाऱ्या बायकांमध्ये, मोठ्या आनंदाचा भाग आहे आणि तो मला मनापासून आवडतो. लोकलच्या डब्यात आणि ऑफिसात सगळ्याजणी एका रंगात दिसतात तेव्हा खरंच छान वाटतं. पण त्यासाठी दर वर्षी नऊ कपडे घेण्याची गरज नसते. रंगांचा क्रम वारांप्रमाणे बदलतो, रंग मात्र बहुतेक तेच फिरून येतात. मोतिया पॅन्ट आणि मोतिया कुर्ता असा एक साधा जोड ठेवा आणि रंग ओढणीत आणा. तुळशीबागेत साध्या सुती किंवा शिफॉनच्या ओढण्या स्वस्तात मिळतात. हव्या त्या रंगाची नसेल तर पांढरी ओढणी रंगवून घेता येते, रंगारी अजून आहेत. करडा रंग बऱ्याचजणींकडे नसतो आणि त्या एका दिवसासाठी घाईत काहीतरी घेतलं जातं. त्याऐवजी करडी ओढणी घ्या, ती काळ्या आणि गुलाबी कुर्त्यांवर वर्षभर चालते. संक्रांतीचा काळा कपडा डिसेंबर-जानेवारीच्या सेलमध्ये घ्या, आणि असा घ्या जो ऑफिसलाही चालेल.

साड्यांकडे वळते. साडीतून दोन ओढण्या निघतात, कारण साडेपाच मीटरमध्ये अडीच-अडीच मीटरचे दोन तुकडे बसतात. पण आधी साडी उलगडून घड्यांच्या रेषा उजेडासमोर धरा. जुनं रेशीम सर्वांत आधी घडीवर विरतं. तिथे तडकलेलं दिसलं तर कुर्ता शिवू नका, पहिल्याच धुण्यात फाटेल. अशा साडीचे काठ काढून ठेवा, साध्या कुर्त्याच्या बाहीला किंवा ब्लाउजला लावता येतात. जी साडी आईची, आजीची असेल तिला कात्री लावण्याआधी एकदा घरात विचारा. नवी साडी घेण्यापेक्षा एक चांगलं ब्लाउज शिवणं केव्हाही परवडतं. गुळेदगुड्डचा खण तुम्हाला माहीत असेलच. त्याचा पन्हा लहान असतो म्हणून दुकानदाराला आपलं माप सांगून कापड घ्या, बाह्या लांब हव्या असतील तर जास्त लागतं. एका गडद खणाच्या ब्लाउजवर चार-पाच सुती साड्या नव्याने नेसता येतात.

खरेदी कुठे आणि केव्हा? ब्रँडेड दुकानांचे मोठे सेल जूनच्या अखेरीपासून जुलैभर आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीपासून असतात. जीन्स आणि ब्रा या दोन गोष्टी तेव्हा घ्या, त्यांची फॅशन महिनाभरात बदलत नाही. सेलमध्ये कुर्ते घ्यायला गेलात तर उरलेले रंग आणि न खपलेले कटच मिळतात. कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर किंवा डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये टॉप घेताना भावापेक्षा जास्त वेळ कपडा बघण्यात घालवा: काखेची शिलाई, चेनचं वरचं टोक, उजेडात धरून छिद्रं, आणि दोन्ही बाह्यांची लांबी सारखी आहे का ते. मुंबईला जाणं होत असेल तर कापडासाठी मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता या जागा आहेतच. तिथे कापडाचा अख्खा तागा उलगडायला लावा, वरच्या दोन घड्यांवर धूळ आणि ऊन बसलेलं असतं, आतला रंग वेगळा निघतो.

प्युअर कॉटन म्हणून मिळणाऱ्या कापडाची परीक्षा घरी करता येते. किनारीतून उभे-आडवे दोन-दोन धागे ओढून काढा, चिमट्यात धरून काडी लावा, जवळ पाण्याची वाटी ठेवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर आक्रसून वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. राखही आणि बारीक मणीही दिसला तर मिश्रण आहे. रेयॉन मात्र सुतासारखंच जळतं, तिथे ही युक्ती चालत नाही. रेयॉनचा धागा ओला करून ओढा, तो ओला असताना पटकन तुटतो. रेयॉन वाईट नाही, अंगावर छान पडतं, पण आटतं बरंच. शिवायला देण्याआधी रात्रभर भिजवून सावलीत वाळवणं रेयॉनला आणि सुती कापडाला दोघांनाही हवंच. तयार रेयॉन कुर्ता घेताना लांबीला दोन इंच जास्त घ्या.

ऑनलाइन घेत असाल तर अंगाचं माप बाजूला ठेवा. तुम्हाला सर्वांत छान बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा, खांदा आणि लांबी लिहून ठेवा. दुकानाच्या तक्त्यातलं कपड्याचं माप त्याच्याशी ताडून बघा. काही तक्ते अंगाचं माप देतात, काही कपड्याचं, आणि दोन्हींत तीन-चार इंचांचा फरक असतो. ते कुठलं आहे हे वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका.

को-ऑर्ड सेटबद्दल, म्हणजे एकाच कापडाच्या टॉप-पॅन्टच्या जोडीबद्दल, एवढंच सांगते: टॉप तुमच्या जीन्सवर आणि पॅन्ट तुमच्या दोन कुर्त्यांखाली चालत असेल तरच घ्या. टिकल्या आणि आरसे भरलेले रोजचे कपडे नकोत, मशीनमध्ये धुता येत नाहीत आणि लवकर गळतात.

राहिला फर्शी सलवारीचा प्रश्न. हा मूळचा अवधकडचा, लखनौचा पेहराव. सलवारीचा घेर जमिनीवर, फरशीवर लोळायचा म्हणून फर्शी. २०२५ मध्ये रील्समधून तो पुन्हा सगळीकडे पसरला. आखूड कुर्ता आणि खाली मोठा घेर हे प्रमाण मुळातच चांगलं आहे, त्यामुळे तुम्हाला तो आवडला यात नवल नाही. दिवाळीला नक्की घाला. सेट मात्र घेऊ नका. त्या २,८०० रुपयांतला मोठा भाग कुर्त्याचा आणि ओढणीचा आहे, आणि त्या दोन्ही गोष्टी तुमच्या घरात आहेत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या किमतीला थेट १८ टक्के, तर कापड ५ टक्क्यांतच येतं. सणासुदीच्या महागड्या कपड्यांना कापड घेऊन शिवणं त्यामुळे आणखीच परवडतं.

सलवारीसाठी चार ते साडेचार मीटर मोडाल सॅटिन किंवा जाडसर क्रेप घ्या, ४४ पन्ह्याचं. कडक कापड घेऊ नका, घेर खाली पडण्याऐवजी छत्रीसारखा उभा राहतो. बाटली हिरवा किंवा वांगी रंग पाहा, तुमच्याकडच्या छापील आणि चंदेरी कुर्त्यांशी जुळण्याची शक्यता जास्त. कापड आठशेच्या आत, शिलाई सहाशेच्या आसपास. वर घालायला तुमच्याच एखाद्या लांब रेशमी किंवा चंदेरी कुर्त्याची लांबी कमी करून घ्या, मांडीच्या मध्यापर्यंत, वर सांगितलं तसं बॉर्डर वाचवून. ओढणी साडीतून, कडेला पिको. सगळं मिळून सोळाशे-सतराशेत होईल, आणि सणानंतर घेर कमी करून घेतलात की त्याच कापडाचा पलाझो वर्षभर वापरता येईल.

स्कूटरवर ही सलवार घालून बसू नका, ओढणीही मोकळी सोडू नका. चाकात कापड गेलं की जिवावर बेततं. त्या दिवशी रिक्षा करा. सलवारीची लांबी त्या दिवशी घालणार त्याच चपलांवर मोजा, घेर जमिनीला टेकेल इतकाच ठेवा. आणि शिवणाऱ्या ताईंना सांगून तळाच्या घेराला आतून साडीचा फॉल लावून घ्या. त्याने घेराला वजन येतं, तो पायात अडकत नाही, आणि जमिनीवर घासला तरी फॉल झिजतो, कापड वाचतं. कापड घटस्थापनेच्या आधी द्या, कारण दसरा झाला की आमच्याकडे बहुतेकजण दिवाळीच्या ऑर्डर घेणं बंद करतात. फॉल मात्र लावण्याआधी भिजवून वाळवून घ्या, सुती असतो, आटतो.